मॅडम आणि ३८१६५४७२९०

सिलिंडरवाला खांद्यावर टाकी घेऊन मॅडमच्या दारात उभा होता आणि मॅडम मोबाईलकडे बघून स्वतःशीच हसत होत्या. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पोचवायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"मॅडम, कोड सांगा ना. खांदा दुखून राहिला."

"थांब ना गा जरासा. एकोणतीस सत्त्याऐंशी. अरे! सत्त्याऐंशी म्हणजे एकोणतीस त्रिक. म्हणजे हा अख्खा एकोणतीसच्याच घरचा निघाला. एकोणतीस गुणिले एकशे तीन!"

"मंग हाच टाकू का कोड?"

"हाच टाक. पण नीट टाकजो. चांगल्या घरचा आहे."

टाकी आत ठेवून तो जिना उतरला, तेव्हा मोबाईलवरचा तो कोड पुन्हा एकदा बघत उतरला. मॅडमच्या सहवासात असं व्हायचं. आकड्यांकडे ढुंकूनही न बघणारी माणसं घटकाभर थबकायची.

बँकेच्या ओटीपीचे मात्र फार हाल व्हायचे. मॅडम त्या सहा अंकी संख्येचे अवयव पाडत बसायच्या आणि तेवढ्यात त्याची मुदत संपायची. मग दुसरा यायचा. तोही असाच जायचा. त्यावर मॅडमचं म्हणणं असं की, "बँकवाले फार चांगले लोक आहेत. एक संपला की लगेच दुसरा पाठवतात."

आमचं ज्युनिअर कॉलेज नागपुरातल्या लकडगंजच्या, लाकूड कापणाऱ्या आरा मशिनींना पाठ लावून उभं आहे. वर्गात बसलं की सागाच्या भुशाचा वास येतो आणि आरा चालू झाला की शिकवणाऱ्याला गप्प बसावं लागतं. मॅडम तिथे गणित शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना लागून होती. मॅडम अंगानं उंच, हडकुळ्या. साडी कायम सुती, पायांत जाड पट्ट्यांच्या पुरुषी चपला. पर्समध्ये कंगवा सापडायचा नाही, पण खडू हमखास. टेबल, खिडकीची काच, कपाटाची पाठ, कशावरही लिहायच्या. एकदा पार्किंगमधल्या एका गाडीच्या धुळीनं माखलेल्या काचेवर बोटानं भागाकार करताना त्या सापडल्या होत्या. गाडी प्राचार्यांची होती. प्राचार्यांनी दोन दिवस ती धुतली नाही, कारण मॅडमनी "अजून झालं नाही" म्हणून सांगितलं होतं.

गणिताला घाबरणारी मुलं त्यांच्याकडे यायची तेव्हा त्या पुस्तक मिटून ठेवायच्या. म्हणायच्या, "आकड्याले भिऊ नये गा. त्याले बसवावं, पाणी द्यावं, मंग कुठून आला ते विचारावं. तो सगळं सांगते." मुलं हसायची. पण खरंच, मॅडम फळ्यावर एखादी संख्या लिहून तिच्यापुढे अशा उभ्या राहायच्या की वाटावं, पाहुणा आलाय आणि आता विचारपूस सुरू होणार.

आमच्या संस्थेच्या सचिवांना अंकशास्त्राचा नाद होता. बोटांत अंगठ्या, दरवाजावरचा नंबर बदललेला, नावातही एक अक्षर वाढवलेलं. त्यांनी नवी गाडी घेतली आणि स्टाफरूममध्ये येऊन मॅडमना विचारलं, "मॅडम, तुम्ही तर यातल्या जाणकार. माझ्या गाडीच्या नंबरची बेरीज नऊ येते. लाभेल ना?"

"साहेब, बेरीज नऊ येते म्हणजे त्याले नवानं भाग जाते. बस. त्या आकड्याले तुमची गाडी ठाऊक नाही."

सचिवांचा चेहरा पडला. मॅडमना ते दिसलं असावं. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आकडा तुमचं भलं करणार नाही, वाईटबी करणार नाही. पण तो खोटं बोलणार नाही. आज विचारा, नाहीतर शंभर वर्षांनी विचारा. एवढं कोणत्या माणसाबद्दल सांगता येते, सांगा बरं?"

सचिव बोटातली अंगठी फिरवत बाहेर गेले.

या मॅडमनी मला तो आकडा दाखवला, ती दुपार माझ्या चांगली लक्षात आहे. परीक्षा संपल्या होत्या, बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलर घरघरत होता. मॅडमनी माझ्या टेबलावर, माझ्या डब्याशेजारी खडूनं लिहिलं: ३८१६५४७२९०.

"काय दिसते?"

"कोणाचा मोबाईल नंबर आहे?"

"तिनानं सुरू होणारा मोबाईल कुठं पाहिला वं? नीट पाय."

मी नीट पाहिलं. दहा अंक होते. शून्यापासून नवापर्यंत सगळे आलेले, आणि प्रत्येक एकदाच.

"आता हातानं झाक. पहिला अंक तेवढा उघडा ठेव. किती?"

"तीन."

"एकानं भाग जाते?"

"एकानं तर कुठल्याही आकड्याला जातो."

"जाते ना? मंग दोन अंक उघड. अडतीस. दोनानं?"

"जातो."

"तीन अंक उघड. तीनशे एक्क्याऐंशी. तिनानं?"

मी मनात केलं. एकशे सत्तावीस वेळा, बरोबर गेला. मग चार अंक उघडले, त्याला चारानं भाग गेला. पाच अंकांना पाचानं. सहा अंकांना सहानं. तोवर मला खेळ कळला होता आणि मी हात सरकवायला जरा कचरत होते. कुठेतरी हे फिसकटणार, असं वाटत होतं. सातापाशी मी कागद घेतला. माझा भागाकार कच्चा, दोनदा केला. बाकी काही उरली नाही. आठ अंकांना आठानं गेला. नऊ अंकांना नवानं गेला. शेवटी शून्य, म्हणून अख्ख्या आकड्याला दहानं गेला.

माझ्या हातावर काटा उभा राहिला. मी मराठीची शिक्षिका आहे, असली वाक्यं मुलांच्या निबंधात खोडते. पण काटा खरोखरच उभा राहिला होता. मॅडमनी माझा हात उचलून बघितला आणि समाधानानं म्हणाल्या, "माह्याबी आला होता."

सिटी बसमधून जाता-येता त्यांनी तो शोधला होता. कुणी सांगितला नव्हता, कुठे वाचला नव्हता. कित्येक महिने एकेक अंक बसवत, मोडत, पुन्हा बसवत.

"असे आणखी किती असतील?" मी विचारलं.

"तेच तर! मले वाटते हा एकटाच आहे. पण वाटणं म्हणजे गणित नव्हे."

पलीकडच्या टेबलावर आमचे कॉम्प्युटरचे सर बसले होते. तरुण, हुशार, मॅडमचेच जुने विद्यार्थी. त्यांनी लॅपटॉप उघडला, चार ओळी लिहिल्या, बटण दाबलं. चहावाला कप ठेवून वळला नव्हता तोच उत्तर आलं.

"एकच आहे मॅडम."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. सरांनी उत्साहाच्या भरात इंटरनेटवरही शोधलं आणि मग त्यांचा आवाज उतरला. हा आकडा जगाला आधीच माहीत होता. कितीतरी जणांना, कितीतरी देशांत. एवढे महिने बसच्या दांड्याला धरून केलेलं काम, आणि असं. मॅडमकडे बघायची कुणाची छाती होईना.

"म्हणजे दुसऱ्यांलेबी भेटला हा?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "वा रे वा! परगावी कोणी भेटावं अन् त्यानं म्हणावं, अरे, तुमच्या भावाले तर मी ओळखतो. तसं झालं वं आज!"

आणि त्या भर उन्हात खाली उतरल्या आणि सगळ्यांसाठी तर्री पोहे घेऊन आल्या.

पोहे खाऊन झाल्यावर मात्र त्या सरांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "पण एकच काहून?"

"काहून म्हणजे? असे सगळे अंक एकेकदाच येणारे दहा अंकी आकडे बत्तीस लाखांच्या वर आहेत मॅडम. सगळे तपासले. एकच पास झाला."

"तुह्या मशीननं निकाल सांगितला. कारण नाही सांगितलं."

सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. बत्तीस लाखांतून एकच का, याचं कारण त्यांना हवं होतं. आणि ते हातानं करता येईल, तोंडानं सांगता येईल एवढं लहान हवं होतं. इतकं लहान कशाला, हे मला पुढे कळलं. ते त्यांना आईला सांगायचं होतं.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची आई. नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा आई परकर-पोलक्यातली पोर होती, आईबापांसोबत गर्दीत चालत गेली होती. शाळेत मात्र कधी गेली नाही. पुढे उभी हयात डाळ मिलमध्ये गेली. तूर चाळायची, निवडायची, खडे वेचायचे. त्या कामावर तिनं मुलीला एम. एस्सी. केलं. म्हातारपणी नजर मंदावली होती, पण जीभ शाबूत होती. शेजारणींना सांगायची, "माही पोरगी कॉलेजात हिशोब शिकवते."

हे हिशोब शिकवणं मॅडमच्या जिवाला लागायचं. एकदा बसस्टॉपवर त्या मला म्हणाल्या होत्या, "आईले वाटते मी दुकानाचा हिशोब शिकवते. तिनं माह्यासाठी आपले डोळे डाळीत घातले. अन् माही जिंदगी कशात गेली ते तिले ठाऊकच नाही. एकदा तरी दिसाले पाहिजे ना वं तिले?"

"सांगून बघितलं का?"

"खूपदा. ती मान हलवते. मंग म्हणते, जेवून घे."

मॅडमच्या निवृत्तीच्या आठवड्यातच आईला दवाखान्यात न्यावं लागलं. हृदय थकलं होतं, पायांवर सूज, श्वास पुरत नव्हता. सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. मॅडमनी निरोप समारंभ नको म्हणून कळवलं. आम्हाला ते पटेना. शेवटी आम्हीच सातआठ जण शाल, श्रीफळ आणि फुलांचा गुच्छ घेऊन दुपारच्या भेटीच्या वेळी वॉर्डात गेलो. सचिवसुद्धा आले.

खाट भिंतीलगत होती. अशा दवाखान्यांत असतो तसा भिंतीचा खालचा अर्धा भाग हिरव्या ऑइलपेंटनं रंगवलेला. आई उशांना टेकून बसली होती. शेजारच्या खाटेवर सावनेरकडची एक म्हातारी आणि तिच्या उशाशी तिची सून. घरची शेती सोडून सून सासूपाशी आठवडाभर बसून होती.

मॅडमना शाल दिली. सचिव चार शब्द बोलले. आई हे सगळं डोळे बारीक करून बघत होती.

"एवढे लोक काहून आले वं?"

"मी रिटायर झाली ना आई."

"म्हंजे काम सरलं तुहं?"

"हो."

"मंग आता तरी सांग. काय शिकवे तू?"

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. मग पर्समध्ये हात घातला. खडू निघालेला बघताच टेबलापाशी बसलेली सिस्टर उठली. "मॅडम, भिंत खराब नका करू."

"पुसून देते मी. पाणी टाकून पुसून देते."

तोवर त्यांनी हिरव्या भिंतीवर दहा चौकोन काढलेसुद्धा होते.

"आई, तू डाळ कशी चाळे?"

"आधी मोठ्या छेदाची चाळणी. मंग बारीक."

"तसंच करू. बत्तीस लाखांच्या वर दाणे आहेत. त्यातला खरा दाणा काढायचा आहे." आणि आईला कळेल अशा शब्दांत त्यांनी आकड्याची अट सांगितली. कुठेही थांबलं तरी तिथवरच्या आकड्याची सारखी वाटणी व्हायला हवी. दोन अंक असतील तर दोघांत, तीन असतील तर तिघांत, असं पार दहापर्यंत. मागे काही उरता कामा नये.

"म्हंजे कोनी उपाशी नाही राहिला पाहिजे," आई म्हणाली.

"बरोबर."

दहांत वाटायचं तर शेवटी शून्यच हवं. तिथे शून्य लिहिलं. पाचांत वाटायचं तर पाचव्या चौकोनात पाच. मग मॅडम म्हणाल्या, दुसरा, चौथा, सहावा, आठवा या घरांत सम अंकच चालतील, कारण तिथवरचा आकडा सम हवा. म्हणजे विषम अंकांना उरलेली घरं. एवढं मला समजलं. पुढे चाराची चाळणी लागली, आठाची लागली, तिनाची लागली, तेव्हा मी मधेमधे सुटले. कॉम्प्युटरचे सर मात्र पुढे सरकत सरकत भिंतीपाशी पोचले होते. त्यांच्या तोंडून "अरे! अरे!" एवढंच निघत होतं. लाखांचे हजार झाले, हजारांचे शेकडे झाले, आणि मॅडमनी भिंतीवर एकाखाली एक दहा आकडे लिहिले. प्रत्येकाचे पहिले सातच अंक.

"एवढेच उरले. आता फक्त साताची चाळणी राहिली. साताले दया नाही. आणि मी एकटी नाही करत. एकेक घ्या."

वॉर्डातली भेटीला आलेली माणसं भोवती जमली होती. कुणाला औषधाच्या पाकिटाची पाठ मिळाली, कुणी तळहातावर करायला लागलं. सरांनी ९८७६५४३ घेतला. सरळ उतरणारी पायरी, त्यांना तो देखणा वाटला. "बाकी पाच," ते म्हणाले. मॅडमनी त्यावर काट मारली. सचिवांनी १८९६५४३ केला. बाकी पाच. काट. प्राचार्यांचा गेला, माझा गेला. सिस्टरनं न बोलता एक केला आणि आपणहून काट मारली.

"मलेबी एक दे," आई म्हणाली.

"कोणता देऊ?"

आईनं बोट दाखवलं. ७४१२५८९. तिच्या वतीनं मॅडमनीच मोठ्यानं भागाकार केला. बाकी दोन.

"माहाबी गेला!" आई खळखळून हसली. हसता हसता तिला खोकला आला. सिस्टरनं तिला पाणी पाजलं. ती खूण करत होती, चालू द्या, चालू द्या.

नऊ आकड्यांवर काट बसली. एकच उरला होता: ३८१६५४७. मॅडमनी खडू सावनेरच्या सुनेपुढे धरला. "हा तू कर वं."

"मले नाही येत मॅडम. दहावीनंतर सुटलं सगळं."

"पाढा येते ना साताचा? मंग येते."

सून उठली. पदर खोचला आणि भिंतीकडे तोंड करून, पाढे म्हणतात त्या लयीत म्हणू लागली, "अडतीस. सात पंचे पस्तीस, उरले तीन. एकतीस. सात चोक अठ्ठावीस, उरले तीन. छत्तीस. सात पंचे पस्तीस, उरला एक." वॉर्डात आता वरच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. "पंधरा. सात दुणे चौदा, उरला एक. चौदा. सात दुणे चौदा. उरलं... काहीच नाही. आता सात. सात एके सात."

ती थांबली. मागे वळली.

"काही नाही उरलं, मॅडम."

टाळ्या वाजल्या नाहीत. का कोण जाणे, कुणाला वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. देवळात आरतीनंतर क्षणभर होते तशी शांतता झाली. पण तिथे देव नव्हता, हिरवी भिंत होती आणि तिच्यावर खडूनं लिहिलेला आकडा. मॅडमनी पुढचे दोन, नऊ आणि शून्य लिहून तो पुरा केला. सचिव तोंड किंचित उघडं ठेवून बघत होते.

"एकच उरला?" आईनं विचारलं.

"एकच, आई."

"अन् थो कवापासून आहे?"

"नेहमीपासून. तू नव्हती, मी नव्हती, हे नागपूर नव्हतं, तेव्हाबी असाच."

"कोनं बनवला?"

"कोणीच नाही."

"कोनीच नाही?"

"कोणी बनवला नाही, कोणाले बदलता येत नाही. कितीही मोठा माणूस येऊ दे."

आईनं चष्मा मागितला. मॅडमनी तिला आधार देऊन भिंतीकडे वळवलं. तिनं आपला तळहात त्या आकड्यावर ठेवला, अगदी हलके, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. तिला अंक वाचता येत नव्हते.

"इतकी वर्स तू हेच पाहून राहिली होती?"

"हो आई."

"मले आधी काहून नाही दाखवलं वं?"

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "एकच काहून ते मलेच आत्ता दिसलं, आई. मागच्या आठवड्यात. इथंच, तुह्या उशाशी बसली होती तेव्हा."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. आम्ही निघालो. मॅडमनी भिंत पुसायला पाणी मागितलं, तर सिस्टर म्हणाली, "राहू द्या आज. राउंडला डॉक्टर येतात, त्यांनाही बघू द्या."

त्यानंतर आई घरी आली. दिवाळी सरून थंडी पडेपर्यंत होती. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती बसवून घ्यायची आणि सांगायची, जगात असा एक आहे, त्याला कुणी बनवलेला नाही, आणि माझ्या पोरीला तो ठाऊक आहे. कुणाबद्दल बोलते आहे हे बऱ्याच जणांना उमगायचं नाही. काहींना वाटायचं, म्हातारी शेवटी शेवटी देवाला लागली. मॅडम दुरुस्त करायच्या नाहीत.

आई गेल्यावर मी दोनचारदा जाऊन आले, पण मॅडम फार बोलायच्या नाहीत. मग उन्हाळा लागताना त्यांचा स्वतःहून फोन आला, ये म्हणून. गेले तर फरशीभर खडूची पांढरी धूळ. सगळी खोली आकड्यांनी भरलेली, आणि मधे मॅडम मांडी घालून बसलेल्या. वाळल्या होत्या, पण डोळ्यांत जुनी चमक होती.

"बस. एक सांगायचं होतं. तुलेच सांगते." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "आपण दहानं मोजतो. काहून? बोटं दहा म्हणून. समज, माणसाले बारा बोटं असती. मंग आपण बारानं मोजलं असतं. बारा अंक असते. मंग असा आकडा बारा घरांचा झाला असता, बारापर्यंत वाटला जाणारा. मी तो शोधला. सगळ्या चाळण्या लावल्या."

"मग?"

"एकही नाही."

"एकही?"

"एकही नाही उरला. आपल्या कॉम्प्युटरवाल्या पोराकडून मशीनवर करून घेतलं, तेबी तेच म्हणते. बारा बोटं असती ना, तर जलमभर चाळलं असतं अन् हाती काही लागलं नसतं. दहा आहेत म्हणून भेटला वं तो आपल्याले."

मी माझ्या हातांकडे बघितलं. रोज भाजी चिरणारे, पेपर तपासणारे हात. त्या क्षणी ते मला कुणा दुसऱ्याचे, फार मोठ्या कुणाचे तरी वाटले.

मॅडम उठल्या, हात धुऊन आल्या आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"आईनं शेवटच्या दिवसांत मले एक सांगितलं. मी झाली तेव्हा घरात दिवा बारीक होता, म्हणे. तिले मोजता येत नव्हतं. तिनं सुईणीले विचारलं, पोरीची बोटं पुरी आहेत ना वं? सुईणीनं माहे दोन्ही हात उघडले, उजेडात धरले, अन् एकेक बोट तिले मोजून दाखवलं."